बागुलबुवाची शाळा

गेल्या आषाढात एका संध्याकाळी कोल्हापुरातल्या आमच्या शिवाजी पेठेतल्या घरातले दिवे गेले. बाहेर दिवसभर पाऊस लागून राहिला होता, राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी सकाळीच पेठेत पोहोचली होती आणि घरात न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास भरून राहिला होता. स्वयंपाकघरात मेणबत्तीच्या उजेडात आई जमिनीवर बसून माझ्या सहा वर्षांच्या लेकीला दूधभात भरवत होती. चौथ्या घासाला लेकीने तोंड फिरवले, तेव्हा आईने तिच्या आईकडून ऐकलेले आणि मलाही लहानपणी शंभरदा सांगितलेले तेच वाक्य त्याच सुरात सांगितले, "खा बघू गुमान, न्हाईतर बागुलबुवा येतोय बघ." लेक घाबरली नाही. तिने भिंतीवर हलणाऱ्या सावलीकडे थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "आजी, बागुलबुवाला भीती घालायला कोण शिकवतं? त्याची शाळा असते का?" आईचा घास हातातच राहिला. लेकीचे अजून संपले नव्हते. "आणि त्याला नाही जमलं तर? मग त्याला कोण रागवतं?"

मी दारात उभा होतो. एरवी अशा प्रश्नाचे मला कौतुक वाटले असते आणि मी तो दुसऱ्या दिवशी कार्यालयात सांगितला असता. त्या संध्याकाळी मात्र छातीत काहीतरी अडकल्यासारखे झाले, कारण या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. बागुलबुवाची शाळा असते, तिथे परीक्षा असते, ज्याला जमत नाही त्याला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागतात, आणि हे सारे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेले होते. कुठे आणि कधी, ते मात्र काही केल्या आठवेना.

पुढचे काही दिवस मला एकच चित्र दिसत राहिले. स्वतःचे दोन्ही डोळे हातात धरून चालणारा कुणीतरी. बाकी काही नाही. पहाटे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर चरवी घेऊन उभा असताना, समोर म्हशीच्या आचळातून चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज ऐकत असताना, मी त्या डोळ्यांच्या मालकाचा चेहरा आठवू पाहत असे, आणि त्या चेहऱ्याऐवजी मला शेजारच्या काकूंच्या घरातली हिरव्या रंगाची भिंत, टीव्हीवरचे क्रोशाचे झाकण आणि जमिनीवर अंथरलेली तरटाची पट्टी आठवे. तेवढ्यावरून मला एवढे कळले, की ते जे काही होते ते मी काकूंच्या टीव्हीवर पाहिले होते. आमच्या घरी केबल नव्हती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेऊ दिली नव्हती. पोराने दुपारी झोपावे, संध्याकाळी तालमीत यावे आणि रात्री लवकर निजावे, यात टीव्हीला जागाच नव्हती.

शेवटी एका रात्री, सगळे निजल्यावर, मी फोनवर साधेच शब्द टाकून शोधले आणि तिसऱ्या की चौथ्या चित्रात तो मला सापडला. त्याचे नाव क्रम. बुटका, बेढब, काखेत केसांचे झुपके असलेला, आणि डोळे खरोखरच दोन्ही हातांत. त्याच्या शेजारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, वरून काठीच्या मुठीसारखी वाकलेली, जाड ओठांची ऑब्लीना होती. आणि या दोघांच्या पुढ्यात लांब कानांचा, पिवळ्या डोळ्यांचा, लालसर रंगाचा लहानसा इकिस उभा होता. त्याला पाहताच माझे डोळे भरून आले. का भरून आले हे त्या क्षणी मला सांगता आले नसते. त्या कार्टून मालिकेचे नाव होते 'आऽऽ!!! रिअल मॉन्स्टर्स', आणि हे नाव मी त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा वाचले. लहानपणी मला ते वाचताही आले नव्हते आणि ऐकूनही कळले नव्हते.

गोष्ट अशी. एका मोठ्या शहराच्या कचरा डेपोखाली राक्षसांची शाळा भरते. तिथे राक्षसांची पोरे माणसांना घाबरवण्याची विद्या शिकतात. गटारांच्या बोगद्यांतून वर शहरात जायचे, कुणाच्या पलंगाखालून, कुणाच्या मोरीतून बाहेर यायचे, माणसाला किंकाळी फोडायला लावायची आणि परत वर्गात येऊन केलेल्या कामाचा हिशेब द्यायचा. वर काय घडले ते सगळ्या वर्गासमोर पडद्यावर दिसते, त्यामुळे खोटे बोलायची सोय नाही. गुरुजींचे नाव ग्रॉम्बल. हिरवे अंग, चार पाय आणि चारही पायांत लाल रंगाचे उंच टाचांचे बूट. नापास होणाऱ्याला शिक्षा करायला स्नॉर्च नावाचा धिप्पाड राक्षस ठेवलेला. त्या जगात पैसा म्हणजे माणसांच्या पायाची कापलेली नखे. क्रम त्याच्या काखेच्या वासाने माणसांना पळवतो, ऑब्लीना खानदानी घरातली आणि वर्गात पहिली येणारी, आणि इकिस? इकिसचे दुखणे असे, की त्याचे कान पाहून माणसे त्याला ससा समजतात.

तो फुगून घरभर मोठा होऊ शकतो, आणि झाला की भलेभले पळतात. पण ते जमण्याआधीच समोरच्याने त्याला ससा म्हटलेले असते.

माझ्या आठवणीत ही मालिका काळोखी आणि जवळजवळ निःशब्द होती. प्रत्यक्षात ती कमालीची गोंगाटाची निघाली. सगळे सतत ओरडत असतात, धडपडत असतात, चिखलात पडत असतात, आणि ड्र्यू न्यूमनचे संगीत त्याखालून बिघडलेल्या यंत्रासारखे खडखडत राहते. माझ्या आठवणीतल्या गुरुजींच्या पायांत ते लाल बूट नव्हते. आणि सगळ्यात मोठी चूक अशी, की इकिस शेवटी नेहमी जिंकतो असे मी पंचवीस वर्षे धरून चाललो होतो. तो नेहमी जिंकत नाही. कधी त्याचे काम ऑब्लीना निभावून नेते, कधी क्रमच्या वासामुळे वेळ मारून नेली जाते, आणि कधी तो सरळ हरतो आणि गोष्ट तिथेच संपते. दहा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या गरजेपोटी त्या गोष्टींचा शेवट बदलून घेतला होता, एवढाच त्याचा अर्थ मला लावता आला.

ज्यांनी ही मालिका केली त्यांच्याबद्दल मी नंतर वाचत गेलो. अमेरिकेत निकेलोडियन या मुलांच्या वाहिनीवर २९ ऑक्टोबर १९९४ रोजी ती सुरू झाली आणि १९९७ मध्ये संपली. चार पर्व, ५२ भाग, आणि बहुतेक भागांत दोन-दोन छोट्या गोष्टी. ती क्लास्की-चुपो या स्टुडिओची निर्मिती होती. गाबोर चुपो आणि पीटर गॅफ्नी हे तिचे निर्माते. चुपो मूळचे बुडापेस्टचे. १९७५ मध्ये, हंगेरीत साम्यवादी राजवट असताना, ते रेल्वेच्या एका काळोख्या बोगद्यातून काही तास चालत ऑस्ट्रियात निसटले. हे वाचल्यावर मी फोन बाजूला ठेवून दिला. बोगद्याच्या टोकाशी उजेड आहे की पहारेकरी, हे ठाऊक नसताना रुळांवरून पाय टाकत गेलेला तो तरुण माणूस, आणि पुढे जवळपास वीस वर्षांनी त्याच्याच स्टुडिओतल्या राक्षसाची पोरे गटाराच्या बोगद्यातून, हातात हात धरून, भीत भीत वर येतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे चुपो कधी म्हणाले असतील असा माझा दावा नाही. माझ्या मनात मात्र तो जोडला गेला आणि आता तुटत नाही. इकिसच्या त्या घाबरट, सतत मागे वळून पाहणाऱ्या चालीत मला कुणीतरी खरोखरच चाललेली वाट दिसते.

त्याच स्टुडिओने 'द सिम्प्सन्स'ची पहिली काही वर्षे चित्रित केली आणि १९९१ पासून 'रगरॅट्स' काढली. ही दोन नावे लोकांच्या ध्यानात राहिली, 'रगरॅट्स'वर तर चित्रपट निघाले. राक्षसांची ही शाळा त्यांच्या सावलीत राहून गेली. पुढे २००१ मध्ये 'मॉन्स्टर्स, इंक.' आला आणि २०१३ मध्ये त्याच राक्षसांच्या महाविद्यालयाची गोष्ट आली, आणि आज कुणाशी या विषयावर बोलायला गेले की तो लगेच त्या चित्रपटांचे नाव घेतो. ते चित्रपट देखणे आहेत, माझ्या लेकीलाही आवडतात. पण त्यांतले राक्षस धुऊन पुसून ठेवल्यासारखे आहेत, त्यांची लव मऊ आहे, त्यांना कुशीत घेऊन झोपता येते. इकिस आणि क्रम यांना कुणी कुशीत घेणार नाही. त्यांच्या अंगाला घाण आहे, रेषा वेड्यावाकड्या आहेत, रंग शेवाळाचे, गंजाचे आणि साचलेल्या पाण्याचे आहेत. दिसायला कुरूप असलेल्या पोरांवर लहान मुलांनी माया करावी अशी ज्यांची अपेक्षा होती, त्यांनी मुलांवर मोठाच विश्वास टाकला होता, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट कळली तिने मी हरखून गेलो. ऑब्लीनाचा आवाज क्रिस्टीन कॅव्हनॉ यांचा होता, आणि 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी'मधल्या डेक्स्टरचा मूळ इंग्रजी आवाजही बरीच वर्षे त्यांचाच होता. 'रगरॅट्स'मधला भित्रा चकी आणि १९९५ च्या 'बेब' चित्रपटातले डुकराचे पिल्लू, हेही त्याच बोलल्या. २०१४ च्या डिसेंबरात त्या वारल्या. इकिसला आवाज देणारे चार्ली ॲडलर हेच पुढे 'काऊ अँड चिकन'मधल्या गाईचेही आवाज होते आणि कोंबडीचेही. म्हणजे माझ्या पिढीच्या कितीतरी दुपारी याच दोन-तीन माणसांच्या गळ्यातून निघालेल्या होत्या, आणि आम्हांला त्यांची नावेसुद्धा ठाऊक नव्हती. मी मराठी शाळेत शिकत होतो. इकिस काय बोलतो यातले मला अवाक्षर कळत नसे. त्याचा आवाज कधी चिरकतो, कधी बसतो, आणि वडिलांचे नाव निघाले की कधी बारीक होतो, एवढे मात्र कळत असे.

इकिसच्या वडिलांचे नाव स्लिकिस. भीती घालण्यात त्यांचे नाव गाजलेले. राक्षसांच्या जगात त्यांना ओळखत नाही असा कुणी नाही.

माझे आबा वस्ताद होते. तरुणपणी त्यांनी खासबागच्या मैदानात कुस्त्या केल्या होत्या, आणि शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानाच्या हौद्यात आपले पाय उमटले आहेत, याचा त्यांना जो अभिमान होता तो त्यांनी कधी शब्दांत सांगितला नाही. तो त्यांच्या चालण्यात होता. त्यांचे कान मोडलेले होते, मान खांद्यांत रुतलेली होती आणि आवाज असा, की गल्लीच्या तोंडाशी त्यांनी कुणाला हाक मारली तरी आम्ही पोरे घरात पुस्तके उघडून बसत असू. पहाटे साडेचारला ते मला उठवत. तालमीच्या दाराशी वाकून चौकटीला हात लावायचा, मारुतीच्या तसबिरीला नमस्कार करायचा आणि लंगोट कसून तांबड्या मातीत उतरायचे. त्या मातीचा वास मला आजही कुठेही ओळखता येईल. तीत तूप, ताक, हळद, लिंबू, तेल मुरलेले असे, आणि शेकडो माणसांचा घाम. माती गार असे. पहिल्यांदा पाठ टेकली की अंगावर काटा येई. माझ्या वयाची पोरे जोर काढताना हुंकारत, मी मुकाट्याने काढत असे. मी काटकुळा होतो. तालमीतले मोठे पैलवान माझ्याकडे बघून आबांना म्हणत, "वस्ताद, भरंल की अंग. तुमचं रगत हाय." आणि आबा मान हलवत.

मी दहा वर्षांचा असताना चैत्रात, करवीर तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेत आबांनी मला मैदानात उतरवले. मैदानाच्या सुरुवातीला लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, त्यांतली ती एक. हलगी कडाडत होती. उन्हाने माती पांढुरकी दिसत होती, कडेने माणसे उकिडवी बसली होती, आणि कुणीतरी पुकारले की हा अमक्या वस्तादांचा मुलगा. नाव ऐकताच माणसांच्या माना वळल्या. समोरचे पोर माझ्याएवढेच होते, त्याचे नाकही वाहत होते. त्याने शड्डू ठोकला, खणखणीत. मग मी ठोकला. माझा हात घामाने ओला होता, तो मांडीवरून नुसता घसरला. आवाजच आला नाही. मी पुन्हा ठोकला, पुन्हा तेच. आधी एक माणूस हसला, मग रांग हसली, मग सगळे मैदान हसले, आणि हलगीवाल्याचा हातसुद्धा क्षणभर थांबला. त्यानंतर कुस्ती किती वेळ चालली मला आठवत नाही. माझ्या पाठीला माती लागली, पंचांनी त्या पोराचा हात वर केला आणि कुणीतरी माझ्या हातातही चार रेवड्या कोंबल्या. शड्डू कसा ठोकायचा हे मला कुणी शिकवलेच नव्हते. वस्तादांच्या पोराला शड्डू शिकवावा लागतो, असे कुणाच्या मनातच आले नव्हते.

परत येताना राजदूतवर मी आबांच्या मागे बसलो होतो. त्यांच्या पैरणीला धरून बसलो होतो, पण अंगाला अंग लागू देत नव्हतो. रस्त्यात त्यांनी एका रसवंतीपाशी गाडी थांबवली, माझ्यासाठी एक गिलास रस सांगितला, स्वतः घेतला नाही. मी रस पिईपर्यंत ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. त्या पाठमोऱ्या, रुंद, घामाने भिजलेल्या पाठीला मी भ्यालो तेवढा आयुष्यात दुसऱ्या कशालाही भ्यालो नाही. मुठीतल्या रेवड्या विरघळून बोटे चिकट झाली होती आणि त्यांना चिकटलेले तीळ मी घरी येईपर्यंत मोजत राहिलो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मला कुणी उठवले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तालीम तशीच सुटली. तिच्याबद्दल आम्हां दोघांत नंतर कधीही बोलणे झाले नाही.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी मी काकूंच्या घरी जाऊ लागलो आणि तिथे मला इकिस भेटला. तरटाच्या पट्टीवर मांडी घालून मी त्याला पाहत असे. तो वर्गात उभा असे, पडद्यावर त्याची फजिती दिसत असे, वर्ग हसत असे, त्याचे कान खाली पडत असत. मला इंग्रजी येत नव्हते, पण ते कान खाली पडणे मी जाणत होतो. कोणत्याही पुस्तकाने, गुरुजींनी किंवा नातलगाने मला त्या सुट्टीत जी सोबत केली नाही ती त्या लालसर, सशासारख्या राक्षसाने केली. मग शाळा सुरू झाली, काकूंची बदली होऊन ते घर रिकामे झाले आणि मी इकिसला विसरून गेलो, म्हणजे विसरलो असे मला वाटले.

आपल्याकडच्या भुतांचा मी या निमित्ताने पुन्हा विचार करू लागलो. आमच्या पेठेत पिंपळावर मुंजा होता, आजोळी विहिरीत साती आसरा होत्या आणि नदीच्या डोहात गिऱ्हा. हे सगळे मला लहानपणी खरे वाटत. मोठेपणी लक्षात आले, की आपले प्रत्येक भूत हे कुठल्यातरी राहून गेलेल्या आयुष्याचे आहे. मुंज होऊन सोडमुंजीआधी वारलेला पोरगा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो. त्यांना मागचे आयुष्य आहे आणि त्या आयुष्याचे दुःख आहे, म्हणून आपली आजी भुताची गोष्ट सांगताना मध्येच "बिचारी" म्हणते. इकिसला मागचे काहीच नाही. त्याला उद्या आहे, उद्याची परीक्षा आहे. मुंज्याची मला दया येत असे, पण तो माझ्यासारखा आहे असे कधी वाटले नाही, कारण त्याचे जे व्हायचे ते होऊन गेलेले होते. एकटा बागुलबुवा तेवढा या सगळ्यांत वेगळा. तो कोण होता, कसा मेला, कुठे राहतो, कुणी सांगत नाही. त्याला कामच एक, मुलांनी जेवले नाही की यायचे. माझ्या लेकीने नेमके त्यालाच शाळेत घातले, ते बरोबरच केले.

श्रावणात एका रविवारी दुपारी मी तिला त्यातला एक भाग दाखवायचा ठरवला. आई आत निजली होती. आबा खाटेवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होते. त्यांचे गुडघे आता पार गेले आहेत, जिना चढताना ते भिंतीला हात लावतात आणि आम्ही पाहतो आहोत असे दिसले की हात काढून घेतात. लेक माझ्या मांडीवर बसली होती. तिला क्रम फार आवडला. त्याने डोळे खाली ठेवून हात धुतले पाहिजेत, असे तिचे म्हणणे पडले. ग्रॉम्बलच्या बुटांना ती खूप हसली. इकिस वर्गासमोर उभा राहिला, त्याचे कान पडले, तेव्हा मात्र ती हसायची थांबली आणि तिने माझा अंगठा धरला. मी तिला त्यांचे बोलणे मराठीत सांगत होतो. आबा पाहत आहेत हे माझ्या लक्षातही आले नव्हते.

"ह्येचा बा कुठाय?" आबांनी विचारले.

मी सांगितले, की त्याचे वडील या भागात नाहीत. मोठे नावाजलेले आहेत, त्यांना सगळे भितात, आणि पोराने त्यांच्यासारखे व्हावे असे सगळ्यांना वाटते. आबांचा हात गुडघ्यावर थांबला. "मग लई अवघड," ते म्हणाले, आणि पुन्हा तेल चोळू लागले. पडद्यावर तिघे जण बोगद्यातून चालले होते. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "त्या दिशी तुझा शड्डू वाजला न्हाई, तवा मी खाली बघितलं. मातीकडं. सगळी हसत हुती आन तू माझ्याकडं बघत हुतास, ते मला ठावं हुतं. तरीबी मी खाली बघितलं." ते थांबले. वाटीच्या कडेला त्यांनी बोटांचे तेल निपटले. "आजबी ध्येनात येतंय. रस पाजला तुला, पर तोंड बघायचा धीर न्हाई झाला."

पंचवीस वर्षे मी ती रसवंती, ती पाठ आणि तो गिलास मनात वागवला होता आणि प्रत्येक वेळी त्या पाठीत मला राग दिसला होता. मला काही बोलता आले नाही. "ऱ्हाऊ द्या आबा" एवढेच म्हणालो, आणि तेही मोठ्याने निघाले नाही.

"आबा, शड्डू म्हणजे काय?" लेकीने विचारले.

आबांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली, पंचाने हात कोरडे केले, मांडीवरचे धोतर वर घेतले आणि बसल्या जागी शड्डू ठोकला. त्या आवाजाने आतून आईने "काय पडलं?" म्हणून विचारले. लेक डोळे मोठे करून पाहत राहिली, मग उठून त्यांच्यापुढे उभी राहिली आणि तिने स्वतःच्या मांडीवर हात मारला. आवाज आला नाही. तिने पुन्हा मारला. आबांनी तिचा हात आपल्या हातात घेतला, तिची चार बोटे जुळवली, अंगठा आत दुमडला आणि तळव्याच्या मध्ये आपला जाड अंगठा दाबून तिथे एक लहानशी खोलगट जागा केली. "सपाट मारू नगंस. हात पोकळ धर. मधी वारं ऱ्हायला पायजे, ते वाजतंय." तिने तसे धरले. मी खाली, जमिनीवर, माझाही तळवा तसा धरून पाहत होतो.

"मार," आबा म्हणाले. तिने मारला. थोडासा आवाज आला.

"आता परत."